डाव्या हाताचा खडू

सुनावणी आज होणार नाही हे तिला कळलं तेव्हा तिचा एक पाय लिफ्टच्या आत होता आणि एक बाहेर. वकीलबाई वरूनच उतरून आल्या होत्या. दार उघडल्यावर त्या समोर दिसल्या आणि हिला बघून जरा खजील होऊन म्हणाल्या, "अहो ताई, फोन करत होते तुम्हाला. आज नाही. कोर्टाचा आदेश आलाय सकाळीच, सुनावणी चार महिने पुढे." लिफ्टचं दार हिच्या खांद्याला लागलं, मागे सरकलं, परत येऊन लागलं. "अहो बाई, आत तरी या नाहीतर बाहेर तरी व्हा," मागून कुणीतरी वैतागलं. ती आत गेली. का गेली ते तिचं तिला माहीत नव्हतं, कारण वर आता तिचं काहीच काम उरलं नव्हतं. वकीलबाईही बिचाऱ्या पुन्हा आत शिरल्या, आणि चार मजले वर जाईपर्यंत त्यांनी कागद हातात धरून, हळू आवाजात, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने सगळं सांगितलं. अर्जदाराच्या, म्हणजे हिच्या भावाच्या, मुलीने वरच्या कोर्टात विनंती केली होती. अर्जदाराची स्मरणशक्ती गेली दोन वर्षं ढासळत चालली आहे. ज्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही आहे ते लिहिताना त्यांना काय लिहितोय याचं भान होतं की नव्हतं, हे डॉक्टरांनी आधी सांगावं आणि तोवर ट्रेडमार्कच्या ऑफिसने विरोधाची सुनावणी घेऊ नये, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. "आपल्या दृष्टीने वाईट नाही हं हे," वकीलबाई म्हणाल्या. "उलट त्यांचीच बाजू लंगडी झाली."

"नाटक आहे," ती म्हणाली.

"कोर्टात डॉक्टरांचे कागद लावलेत, ताई."

"पाचवीच्या परीक्षेला याच्या पोटात दुखत होतं. चांगलं तीन दिवस. गरम पाण्याची पिशवी मीच धरून बसले होते. परीक्षा संपली आणि हा उठून पतंगासारखा अंगणभर. मला नका सांगू डॉक्टरांचे कागद." वकीलबाई हसल्या आणि त्यांना दुसरीकडे जायची घाई असल्यामुळे त्याच लिफ्टने खाली गेल्या. ती चौथ्या मजल्यावरच्या लांब बोळात एकटी उभी राहिली. हातातली पिशवी जड होती. पिशवीत पितळेचा जुना साचा होता, फडक्यात गुंडाळलेला. दाखवायचा होता तो आज.

खरं सांगायचं तर साचा दाखवण्यात तिला फारसा रस नव्हता. तीन वर्षं हे प्रकरण चाललं होतं, त्याने अर्ज केला, हिने विरोध नोंदवला, मग त्याचं उत्तर, मग हिचे पुरावे, मग त्याचे पुरावे, आणि सगळं कागदावर. सख्खा धाकटा भाऊ, त्याच्या तोंडचा एक शब्द अकरा वर्षांत कानावर नाही आणि कागद मात्र ढिगाने. त्यातलं एक पान तिने इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर ते फाटायला आलं होतं. 'सदर डाव्या हाताचे चिन्ह मी स्वतः, वयाच्या दहाव्या वर्षी, वडिलांच्या कारखान्यात पितळेच्या साच्यावर कोरले.' मी स्वतः! वाचताना दरवेळी तिच्या कानशिलात ठणका उठायचा. चिन्ह कुणाच्या नावावर लागतं ते लागो, वयाची सत्तर वर्षं झाली, आता तिला अजून किती खडू विकायचे होते? पण त्याने समोर बसावं, माझ्याकडे बघावं आणि मग ते वाक्य म्हणून दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. वकीलबाईंच्या मागे लागून तिने दोघांनाही प्रत्यक्ष बोलवायला लावलं होतं ते याचसाठी. विचारायचं वाक्यसुद्धा तयार होतं. आठ दिवस ती ते घोकत होती, आंघोळ करताना, खडूच्या कडा घासताना. 'पिठ्या, माझ्याकडे बघ आणि सांग, त्या दिवशी कोरणी कुणाच्या हातात होती?' बस्स. तो खाली मान घालेल हे तिला ठाऊक होतं. खोटं बोलताना त्याची मान आपोआप खाली जायची, लहानपणापासून. ती मान खाली गेली की ती उठून घरी जाणार होती, मग अधिकाऱ्याने काय निकाल द्यायचा तो देवो. आणि आता चार महिने.

बोळात भिंतीला लागून बाकांची रांग होती. सुनावणीच्या खोलीच्या दारावर आजच्या प्रकरणांची यादी चिकटवलेली होती आणि तिच्या क्रमांकावर कुणीतरी पेनने आडवी रेघ मारून पुढे 'कोर्टाच्या आदेशाने तहकूब' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ती बाकावर बसली. पाय दुखत होते म्हणून बसली, असं तिने स्वतःला सांगितलं. समोरच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि फरशीवर एक उजेडाचा चौकोन पडला होता, लोक त्याच्यावरून जात-येत होते. वडिलांच्या कारखान्यातही मागच्या खिडकीतून असंच ऊन यायचं, पण ते असं स्वच्छ नसायचं. शंखजिऱ्याची पूड तिथे कायम हवेत असायची, त्यामुळे ऊन जाडसर दिसायचं, हाताने बाजूला सारता येईल असं. कारखाना म्हणायचं आपलं. होती एक लांबट खोली, एक दाबाचं यंत्र आणि भिंतीभर लाकडी ट्रे. शंखजिरं, पांढरी माती, डिंकाचं पाणी, निळ्या खडूला नीळ. मळायचं, लाटायचं, साच्यात दाबायचं, ट्रेवर वाळत घालायचं आणि वाळलं की एकेका खडूच्या कडा घासून पातळ करायच्या, कापडावर बारीक रेघ उठली पाहिजे म्हणून. शिंप्यांचा खडू. धाकटा दिवसभर त्या पुडीत लोळायचा आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. पिठ्या हे नाव तिनेच ठेवलं होतं. आईला ते मुळीच आवडायचं नाही, आणि म्हणून ती मुद्दाम चारचौघांत हाक मारायची.

वडिलांना खडूवर शिंप्याचा उजवा हात हवा होता, मधल्या बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी, घातलेला. चित्र त्यांनी कागदावर काढून ठेवलं होतं, कोरणाऱ्याकडे द्यायचं म्हणून. ती सोळा वर्षांची होती, अंगात नुसती खुमखुमी. ते माल आणायला गेले त्या दुपारी तिने पितळेची चकती टेबलावरच्या लोखंडी पकडीत, शेगड्यात, आवळली, चित्र जसंच्या तसं वर उतरवलं आणि कोरायला घेतलं. उजेड कमी पडत होता. मग पिठ्या दाढीचा आरसा घेऊन खिडकीशी उभा राहिला, आणि आरशातून ऊन पकडून चकतीवर पाडत राहिला. ऊन सरकलं की तोही सरकायचा. "हलवू नको रे!" "मी नाही हलत, ऊन हलतंय!" तीन तास. हात भरून आला तरी पठ्ठ्याने आरसा खाली ठेवला नाही. आणि संध्याकाळी पहिला खडू दाबून काढला तर त्यावर डावा हात. साचा उलटा कोरावा लागतो ही एवढीशी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती, आणि गंमत म्हणजे आरसा हातात होता! नुसतं त्यात वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं. ती रडायलाच लागली. वडील आले, त्यांनी खडू उलटासुलटा करून बघितला. पिठ्या तिच्यापुढे येऊन उभा राहिला होता, मार पडलाच तर आधी आपल्याला पडावा म्हणून की काय. आणि मग वडील असे हसले, असे हसले, की खोकत खोकत बाहेर जाऊन पाणी प्यायले. "अगं, हा शिंपी डावरा निघाला!" म्हणाले. माल द्यायचा होता, नवा साचा करायला वेळ नव्हता, तसाच गेला. शिंप्यांनी टर उडवली. अंगुस्तान डाव्या हातात घालणारा शिंपी कुणी बघितला होता? पण पुढच्या महिन्यात दुकानदार सांगायला लागले, गिऱ्हाईक 'तो डाव्या हाताचा द्या' म्हणून मागतं. मग लोकांनी नकला काढल्या आणि नकला करणाऱ्या शहाण्यांनी हात सुधारून उजवा काढला. तिथेच ते फसले.

हे असं होतं. यात कुठे होता 'मी स्वतः'? तिच्या मनात पुन्हा राग उसळला आणि तिला बरं वाटलं, रागाची तिला सवय होती. वडील गेल्यावर त्याला मोठी यंत्रं हवी होती, मेणाचे खडू, खुणा करायची पेनं, कात्र्या, काय काय. ती म्हणायची, आहे ते नीट कर. वर्षभर धुसफूस चालली आणि एक दिवस ट्रे लावता लावता भडका उडाला. काय काय बोलणं झालं ते तिने कधी फारसं आठवू दिलं नव्हतं. तो काहीतरी म्हणाला, हातावर माझाही हक्क आहे असं काहीसं, आणि ती कामाच्या दोन बायकांसमोर, त्याच्या बायकोसमोर, म्हणाली होती... ती बाकावर जरा सरकून बसली. म्हणाली होती, "तुझा कसला हक्क? तू नुसता आरसा धरणारा. जन्मभर दुसरं केलंस काय?" त्याने हातातला ट्रे हळूच मांडणीवर ठेवला होता. आपटला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी गेला तो गेला. एक वर्ष गेलं, दोन गेली, येईल आपणहून, धाकटा आहे, त्याने यायला पाहिजे, असं म्हणता म्हणता एकदम सरकारी शिक्क्याचा लिफाफाच आला.

"इथे पंखा बरा आहे, नाही?" बाकाच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. पिठ्या. केव्हापासून बसला होता कुणास ठाऊक. बारीक झाला होता. शर्टाची गुंडी एक सोडून एक लावलेली, मांडीवर निळी फाइल, फाइलवर दोन्ही हात नीट जोडून ठेवलेले, फोटो काढायला बसवल्यासारखे. केस गेले होते, पण कपाळ तेच, आईचं. ती वाट बघत राहिली. तो ओळखेल, मान खाली घालेल, मग आपण बोलू. त्याने तिच्याकडे सरळ बघितलं आणि छानसं हसला, पाहुण्यांकडे बघून हसतात तसा.

"तुमचीही आज तारीख आहे का?" त्याने विचारलं.

"होती," ती म्हणाली. "पुढे गेली."

"अरेरे. फार त्रास देतात हे लोक. माझी आहे आज. मुलगी आत गेली आहे, कसली तरी नक्कल घ्यायला. मला म्हणाली, बाबा हलू नका. मी कशाला हलतोय?" तो जरा जवळ सरकला, गुपित सांगितल्यासारखा. "माझी ताई येणार आहे आज. तिच्याशीच दावा आहे माझा."

नाटक नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. इतका चांगला नट तो कधीच नव्हता. तिला उठून जावंसं वाटलं, त्याच्या गुंड्या नीट लावाव्यात असंही वाटलं, आणि दोन्हींतलं काही न करता ती म्हणाली, "कसला दावा?"

"हाताचा." त्याने आपला डावा हात उचलून तिच्यासमोर धरला. "खडूवर हात आहे आमच्या. शिंपी लोक वापरतात बघा. तो मी कोरला. दहा वर्षांचा होतो मी." आणि त्याची मान खाली गेली नाही. डोळे उलट चमकायला लागले. "दुपार होती. बाबा माल आणायला गेले होते. मी चकती आवळली आणि कोरायला बसलो, आणि ताई आरसा घेऊन खिडकीशी उभी. ऊन सरकलं की ती सरकायची. मी ओरडायचो, हलवू नको गं! तर म्हणते कशी, मी नाही हलत, ऊन हलतंय." तो खुदकन हसला. "कोरणी सटकली तेव्हा अंगठ्याला लागलं मला. रक्त पितळेवर पडलं, ते मी शर्टाने पुसलं. आणि संध्याकाळी बघतो तर हात उलटा! मला असं रडू फुटलं म्हणून सांगू. मग बाबा आले. ताई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मार पडला तर मला पडू नये म्हणून."

तिचा हात आपोआप पिशवीवर गेला, आणि मग स्वतःच्या अंगठ्यावर. तिथे वण होता. होता ना? अंगठ्यावर चार-पाच वण होते, साच्याचे, पत्र्याचे, ट्रेच्या खिळ्यांचे, पन्नास वर्षं कोरड्या पुडीत काम केलेल्या कातडीवर कुठला कशाचा ते आता कोण सांगणार? त्या दुपारचं ऊन तिने लाख वेळा आठवलं होतं, पण आता आठवायला गेली तर खिडकीशी उभं राहिल्याचंही आठवायला लागलं. आरशाची थंडगार कड. भरून आलेला दंड. पायाखालचं डुगडुगणारं स्टूल. हे तिला कसं माहीत होतं? तो इतकं नीट सांगत होता की कोरणी त्याच्याच हातात दिसत होती, आणि दोन क्षण, अगदी दोनच, तिला वाटलं की आपणच तीन वर्षं खोटी शपथ वाहत आलो आहोत. नाही. साचा तिने कोरला होता. सोळा वर्षांची होती ती, कळती होती. पण तो खोटं बोलत नव्हता. कागदावर सही केली तेव्हाही बोलला नसेल. जिला ती तीन वर्षं चोरी म्हणत आली, ती चोरी कधी झालीच नव्हती. तो फक्त खिडकीपासून शेगड्यापर्यंत चालत आला होता, हळूहळू, एकटाच, अकरा वर्षांत.

"ताई हुशार आहे फार," तो म्हणाला. "तिने नुसता आरसा धरला, पण मी तिला तसं कधी म्हटलं नाही हं. असं कुणी म्हणू नये. 'तू नुसता आरसा धरणारा.' फार लागतं हो." त्याने छातीवर हात ठेवला, नेमकं कुठे ते दाखवायला. "इथे लागतं. कोण म्हणालं होतं कुणाला कोण जाणे, आता आठवत नाही. पण लागतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. आठ दिवस घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "चुकलं तिचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"ताईचं. तिने तसं बोलायला नको होतं."

"छे छे!" तो एकदम रागावला. "तुम्ही ओळखता का तिला? नाही ना? मग उगाच बोलू नका. ताईचं काही चुकत नाही." आणि मग बाई रडताहेत हे लक्षात येऊन ओशाळला, खिशातून घडी घातलेला रुमाल काढून त्याने तिच्यापुढे धरला. "असू द्या. तारीख पुढे गेली म्हणून रडतात का कुणी? देतील दुसरी."

त्याची मुलगी खोलीतून बाहेर आली ती हातातल्या कागदांकडे बघत. चार पावलांवर आल्यावर तिने वर पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. अकरा वर्षांपूर्वी जाताना ती लग्नाच्या वयाची पोरगी होती, आता कानांशी पांढरे केस दिसत होते. "आत्या," ती म्हणाली, जवळजवळ न ऐकू येईल असं.

"या बाई चांगल्या आहेत," त्याने ओळख करून दिली. "यांचीही तारीख पुढे गेली."

मुलीने ओठ घट्ट मिटले. मग तिने आत्याला हाताला धरून चार पावलं बाजूला नेलं, खिडकीशी, बाबा नजरेसमोर राहतील अशा बेताने. "रागावू नका आत्या. तुम्हाला कळवणार होते, पण कुठल्या तोंडाने कळवू? अर्ज केला तेव्हा आम्हाला वाटलं, विसरतात थोडं, वयच झालंय. नंतर कळलं. घरात आईला सुद्धा कधीकधी 'अहो बाई' म्हणतात." ती भराभर बोलत होती, बरेच दिवस कुणाशी न बोललेलं माणूस बोलतं तशी. "मला हे भांडण नकोच होतं. आत्ता आत विचारून आले. मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. मी अर्जच मागे घेते. डॉक्टर नको, अहवाल नको, काही नको. हात तुमचा आहे, सगळ्यांना माहीत आहे. आजच लिहून देते, आठ दिवसांत सगळं संपेल. तुम्हाला परत इथे यायची दगदग नको आणि त्यांनाही नको."

तीन वर्षं ज्याच्यासाठी हाडाची काडं केली ते असं खिडकीशी उभ्या उभ्या हातात आलं. तिने बाकाकडे बघितलं. तो फाइल उघडून आतले कागद सारखे करत होता, कडेला कड जुळवून, खडूचे थर लावावेत तसे. "घरी काय करतो दिवसभर?" तिने विचारलं.

"काही नाही. बसून असतात. टीव्ही कळत नाही, पेपर उलटा धरतात. फक्त एक लक्षात राहतं. सकाळी उठले की विचारतात, तारीख कधी आहे? ताई कधी येणार? सांगितलं की दाढी करून घेतात. आजची तारीख महिनाभर धरून बसले होते, म्हणून आणलं. शर्टही स्वतः घातला आज, बघा ना कसा घातलाय."

ती परत बाकाशी गेली. गुडघे दुखत असतानाही त्याच्यासमोर वाकली आणि त्याच्या गुंड्या सोडवून एकेक नीट लावायला लागली. तो संकोचून बसून राहिला. "पिठ्या," ती म्हणाली.

तो दचकला. "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? हे फक्त ताई म्हणते."

"मीच ताई, रे."

त्याने तिचं तोंड नीट निरखून पाहिलं. पांढरे आखूड केस, चष्मा, गालांवरच्या सुरकुत्या, सगळीकडे त्याची नजर फिरली. त्याला तिचं मन मोडायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "नाही हो बाई," तो हळुवारपणे म्हणाला. "ताईला दोन वेण्या आहेत."

शेवटची गुंडी तिच्या बोटांत राहिली. मुलगी तोंड फिरवून उभी होती. बोळातून एक कारकून फायलींचा गठ्ठा घेऊन गेला आणि सुनावणीच्या खोलीतून दुसऱ्याच कुणाचा तरी क्रमांक पुकारला गेला. तिने ती गुंडी लावली, कॉलर सारखी केली आणि बाकाला धरून उभी राहिली. "तू अर्ज मागे घ्यायचा नाहीस," ती भाचीला म्हणाली. "ऐकलंस? मी विरोध सोडत नाही आणि तूही सोडायचं नाही. चार महिन्यांनी त्याला घेऊन ये. तेव्हाही पुढे गेली तर जाऊ दे. त्याच्या पुढची घेऊ."

"पण आत्या, तोपर्यंत त्यांना..."

"तोपर्यंत रोज सांग त्याला. तारीख आहे म्हणून सांग."

तो दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने फाइल छातीशी धरली आणि काळजीने विचारलं, "म्हणजे ताई आज नाही येणार?"

"नाही. तिला कळवलंय, पुढे गेली म्हणून."

"मग कधी येईल?"

तिने तारीख सांगितली. त्याने ती पुटपुटत दोनदा म्हणून पाहिली, मध्येच महिना चुकला, तिने तो सांगितला, त्याने पुन्हा म्हटली. या वेळी बरोबर आली. "नक्की येईल ना?" त्याने विचारलं.

"नक्की येईल," ती म्हणाली.